किती पडलं आणि कुठवर जाणवलं

एट्ना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या फ्लेरी गावात, चर्चसमोर, आमच्या गटप्रमुख बाईंनी माझ्या हातात कोरा तक्ता दिला. म्हणाल्या, "यंत्रं नाहीतच असं समज. साल १८६५ चालू आहे. नुसती पडझड बघ आणि सांग, भूकंप केवढा होता?"

तेव्हा २०१९चा जानेवारी चालू होता. मी पाहुणी संशोधक म्हणून इटलीच्या सिसिली बेटावर, कातानिया शहरात होते. नाताळच्या आदल्या दिवशी एट्नाच्या उतारावर भेग पडून लाव्हा वाहू लागला होता, आणि २६ डिसेंबरला पहाटे ३ वाजून १९ मिनिटांनी डोंगराच्या आग्नेय पायथ्याची गावं हादरली. फियांदाका नावाचा प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकला. भूकंपाचं केंद्र जमिनीखाली जेमतेम किलोमीटरभर खोल होतं. यंत्रांनी मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाच्या ऊर्जेचं माप, ४.९ असं केव्हाच सांगितलं होतं, पण बाईंना तो आकडा नको होता.

तक्ता भरायची युरोपियन पद्धत तशी सरळ आहे. आधी घर किती कच्चं ते ठरवायचं, मग त्याला झालेल्या इजेची एक ते पाच अशी पायरी ठरवायची, आणि गावात अशी घरं 'थोडी', 'बरीच' की 'बहुतेक' ते लिहायचं. फ्लेरीत काळ्या लाव्हा दगडाची जुनी घरं बरीच. कुठे भिंतींना आरपार भेगा, कुठे कोपरे सुटलेले, काही ठिकाणी आख्खी भिंत रस्त्यावर. शेजारचं काँक्रीटचं घर मात्र गिलाव्याला तडे जाण्यावर निभावलेलं. एक आजी ढिगाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "८४ला पडलं ते आम्ही पुन्हा बांधलं. बघा आता." ऑक्टोबर १९८४मध्ये याच गावाची अशीच दैना झाली होती. पलीकडच्या पेन्नीसीत चौकातला संत एमीदिओचा पुतळा खाली आला होता. हा संत भूकंपापासून राखणारा मानतात. तिथले लोकच त्यावर कडवट हसत होते, आम्ही गप्प राहिलो.

तीव्रता, म्हणजे त्या जागी हादरा किती बसला याचा बारापैकी अंक, आठ निघाली. इटलीतल्या नेहमीच्या भूकंपांसाठी जे सूत्र वापरतात त्यात आठ घातले की मॅग्निट्यूड साडेपाचच्या आसपास येतं. यंत्राच्या ४.९पेक्षा ऊर्जा आठ-दहापट जास्त! तक्त्यातली एकही नोंद चुकीची नव्हती.

"आता गाडीत बस," बाई म्हणाल्या.

आम्ही प्रस्तरभंगापासून दूर जात राहिलो. थोड्याच किलोमीटरवर पडलेल्या भिंती संपल्या, मग भेगा संपल्या. एका बारमध्ये कॉफी घेतली, तिथल्या फळीवरच्या बाटल्याही त्या पहाटे जागच्या हलल्या नव्हत्या, असं मालक सांगत होता. पंधराएक किलोमीटरवरच्या कातानियात लोक दचकून उठले, घाबरले, पण घरं पडली नाहीत.

माझं गाव उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आमच्या घरात कायम बोलला जातो. तिथली कमाल तीव्रता आठ ते नऊच्या दरम्यान धरतात, म्हणजे फ्लेरीच्या फार पुढे नाही. पण तो धक्का हैदराबाद, पुणे, मुंबईपर्यंत जाणवला होता. मॅग्निट्यूड ६.२, म्हणजे फ्लेरीच्या सुमारे नव्वदपट ऊर्जा. ढिगाऱ्याजवळ उभं राहून हा फरक कळत नाही, तो दूरच्या गावांतच कळतो. एट्नाचे भूकंप इतके उथळ असतात की वरच्या गावाला पुरा दणका बसतो आणि अंतर वाढलं की हादरा झपाट्याने विरतो. म्हणून इथे खोली लक्षात घेणारं वेगळं सूत्र लागतं.

संध्याकाळी कार्यालयात १९१४चे कागद काढले. ८ मे १९१४ला लिनेरा गाव जमीनदोस्त झालं, साठहून जास्त माणसं गेली. तीव्रता नऊ ते दहाच्या मध्ये. नेहमीच्या सूत्राने हा भूकंप सहाच्या पुढे जातो. पण नकाशावर गावं मांडली तर मोडतोडीचा पट्टा अरुंद, जेमतेम काही किलोमीटरचा. आज तो पाचाच्या आसपास धरतात. याउलट ११ जानेवारी १६९३चा भूकंप. कातानिया उद्ध्वस्त झालं, आणि डोंगर उशाशी असल्यामुळे दोष एट्नाला देण्याचा मोह होतो. पण तेव्हा अख्खी आग्नेय सिसिली कोसळली, माल्टातही पडझड झाली. एवढा पसारा एट्नाखालच्या उथळ प्रस्तरभंगांच्या कुवतीबाहेरचा.

लिनेराचा आकडा पाच की सहा, हा वाद निव्वळ अभ्यासकांचा नाही. लिनेराला सहा लिहिलं तर कातानियाच्या इंजिनिअरला नसलेली भीती दाखवल्यासारखं होतं. नुसता पाच लिहून सोडलं तर फ्लेरीत घर बांधणारा निर्धास्त होतो, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं. मॅग्निट्यूडचा आकडा खोलीशिवाय छापूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी विचारलं, ज्या गावांबद्दल कागदांत काहीच नाही त्यांचं काय करायचं? बाई म्हणाल्या, ते साल बघून ठरवायचं. १९१४ला आचिरेआले-कातानियात तारघरं होती, वर्तमानपत्रं होती, वेधशाळा होती. तिथून हाकाटी नाही म्हणजे मोठी पडझड नाही, असं धरता येतं. मार्च १६६९मध्ये उद्रेकाच्या तोंडावर भूकंपांनी निकोलोसी गाव पाडलं, तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांवर लिहिणारं होतं कोण? तिथे 'नोंद नाही' म्हणजे 'नुकसान नाही' असं वाचायचं नाही. त्यामुळे १६६९च्या रकान्यात आम्ही एक आकडा लिहिला नाही. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन लिहिले, आणि दोघांत अंतर बरंच ठेवलं.