बिनमोजणीची ताटली

नव्या मावशी कामाला लागल्या तेव्हा सगळं चोख ठरलं होतं. भांडी, फरशी आणि महिन्यातून एकदा पंखे. चौथ्या दिवशी मी गॅसच्या बर्नरखालच्या तिन्ही ताटल्या काढून मोरीत ठेवल्या. मावशींनी बाकीची भांडी लख्ख घासून पालथी घातली. ताटल्या होत्या तिथेच. विचारलं, तर पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, ते भांडं नई शे. तो गॅस शे."

मला उत्तर सुचेना. त्यांचं म्हणणं खरंही होतं. आमच्या घरात स्टीलच्या जवळपास प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे. हा डबा मावसभावाच्या लग्नातला, हा तांब्या नणंदेच्या बारशातला, खाली तारखेसकट. या ताटलीवर काहीच नाही. ती शेगडीबरोबर खोक्यातून आली. तिच्यात कुणी जेवत नाही, कुणी ती शेजारी उसनी देत नाही. दुकानदार तिला ड्रिप ट्रे म्हणतो. आमच्याकडे ती नुसती 'ती खालची' आहे. "ती खालची काढलीस का गं?" एवढं सासूबाईंनी विचारलं की मला कळतं, आज कुठेतरी काहीतरी उतू गेलं आहे आणि त्यांना वास आला आहे.

माझ्या आजीच्या घरी, अमळनेरकडच्या खेड्यात, असली भानगडच नव्हती. चुलीवर डाळ उतू गेली की थोडी चुलीच्या अंगावरून ओघळायची, बाकीची राखेत जिरायची. दुसऱ्या दिवशी पोतेरं फिरलं की चूल पुन्हा नवी. आणि जिने सांडलेलं पोटात घेतलं, तीच राख भांडी घासायला मोरीत जायची. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा सोडवतो. सांडणं आणि घासणं दोन्ही एका चुलीत भागत होतं. गॅस आला, राख गेली, आणि उतू गेलेल्याला जाण्यासाठी जागा उरली नाही. म्हणून ही ताटली.

तिच्यात सगळ्यात जास्त पडतं ते दूध. दुधाचं गणित साधं आहे. तापताना वर सायीचा पडदा धरतो, खाली वाफ कोंडते आणि मग एकाएकी पडद्यासकट सगळं वर येतं. पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवावं हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. पंचवीस वर्षांपासून मी ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. गंमत अशी की रथसप्तमीला आपणच अंगणात गोवरीवर दूध मुद्दाम उतू घालवतो आणि हात जोडतो. एरवी तेच दूध तसंच गेलं, तर "लक्ष कुठं होतं?"

शेवभाजीची गोष्ट वेगळी. तिची तर्री उडते. थेंब थेंब लाल तेल ताटलीच्या काठाला बसतं आणि दोन दिवसांत चिकट पिवळं होतं. पण ताटलीचा खरा छळ होतो तो हिवाळ्यात. जळगाव जिल्ह्यात राहायचं आणि थंडीत भरीत करायचं नाही, हे शक्य नाही. इथल्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. हिरवं, पांढुरक्या रेघांचं, हातात मावणार नाही एवढं वांगं. शेतात ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, तिथे काय गळलं, काय जळलं, कोण बघतो? आम्ही मात्र फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, बर्नरवर. वांग्याला टोचे मारले नाहीत तर ते फुटतं, मारले तर रस गळतो. म्हणजे ताटलीच्या नशिबी दोन्ही. तो रस गोडसर असतो, ज्योतीखाली पडला की आटून डांबरासारखा बसतो. वर जळक्या सालीचे पापुद्रे. चार वांगी भाजून झाल्यावर ताटलीकडे पाहवत नाही, पण भरीत, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात समोर आली की पाहायचं कुणाला असतं!

घासायच्या बाबतीत मी बऱ्याच चुका करून शिकले. आधी तारेच्या घासणीने जोर लावायचे. काळं निघायचं, पण चरे पडायचे, आणि पुढच्या वेळचं काळं त्या चऱ्यांत घर करून बसायचं. आता रात्री ताटल्या कडकडीत पाण्यात खाण्याचा सोडा टाकून बुडवते. सकाळी निम्मं आपोआप सुटतं, उरलेलं नारळाच्या काथ्याने जातं. कुठे कुठे निळसर-सोनेरी छटा राहते. ती मी कितीतरी दिवस मळ समजून घासत होते. तो मळ नव्हेच, तापून तापून स्टीलवर आलेला पातळ थर. लिंबू चोळलं की फिकट होतो, नाही झाला तरी कुणाचं काही अडत नाही.

एकदा मात्र फजिती झाली. ताटल्यांबरोबर बर्नरही चकचकीत करावेत म्हणून सगळं एकत्र धुण्याच्या सोड्यात घातलं. दोन बर्नर पितळेचे होते, ते निभावले, चिंचेने घासल्यावर देवघरातल्या समईसारखे दिसायला लागले. तिसरा ॲल्युमिनियमचा. त्याला असा तीव्र सोडा चालत नाही. काळाठिक्कर पडला बिचारा. वर मी तो ओलाच बसवला. पेटवल्यावर फट्फट् आवाज आणि पिवळी ज्योत. भोकांत पाणी किंवा खरकटं अडकलं की गॅस आणि हवा नीट मिसळत नाहीत, आणि मग पातेल्यांचे बूड काळे व्हायला लागतात. सासूबाई दारातून म्हणाल्या, "चूलच बरी होती." त्यांनी स्वतः चूल सोडून चाळीस वर्षं झाली आहेत.

माझा भाऊ अमेरिकेत भाड्याच्या घरात राहतो. त्याच्याकडे गॅस नाही, विजेच्या वेटोळ्याची शेगडी. त्या वेटोळ्यांखालीही अशाच वाट्या, सहा आणि आठ इंची. चकचकीत असल्या की उष्णता वर परतवतात म्हणे. व्हिडिओ कॉलवर त्याने दाखवल्या, काळ्याकुट्ट होत्या. मी सोड्याचं सांगायला लागले तर तो हसला. "ताई, इथे नव्या मिळतात. घर सोडताना बदलून टाकायच्या." सासूबाई मागून ऐकत होत्या. नंतर दोन दिवस त्या "बदलून टाकायच्या" एवढंच अधूनमधून पुटपुटत होत्या, मान हलवत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी जातो. अंगणात चूल पेटते, तिच्यावर भलंमोठं खापर उपडं पडतं आणि जाऊबाई हातावर मांडा फिरवत फिरवत त्यावर टाकतात. घरातल्या गॅसवर त्या दिवशी नुसता चहा. ताटल्या सकाळच्या तशा कोऱ्या. मी परतले ती अशी निवांत होऊन. आल्या आल्या मावशींपुढे विषय काढला, कसंही करून या ताटल्या तुमच्याकडे घ्या.

मावशी जरा वेळ थांबल्या. एक ताटली उचलून उजेडात धरली, उलटी केली, नखाने काठ खरवडून पाहिला.

"महिनाले पन्नास रुपया ज्यास्ती लागतीन."

"चालेल."

"नि ताई," ताटली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "भरीत करशात त्या दिन नई."