तुम्ही विचारलंत म्हणून : स्वतःचं पिस्तूल

भरतीसाठी पळणारी पोरं विचारतात, लग्नाच्या मांडवात पाव्हणे विचारतात : "मेजर, जवानाला लढाईत स्वतःचं पिस्तूल का नेऊ देत नाहीत? साहेबांच्या कमरेला असतं, मग तुमच्या का नाही?" पहिल्या महायुद्धात ज्या अपशिंगे गावाची ४६ माणसं गेली, त्याच सातारा जिल्ह्यात हा प्रश्न मला सिनेमा बघितल्यासारखा विचारला जातो, याचा राग येतो. म्हणून आजवर उत्तर टाळलं.

२००३ साली काश्मीरात एका घराची झडती होती. जिना लाकडी, एकच माणूस मावेल एवढा. आमची इन्सास रायफल ९६० मिलिमीटरची, म्हणजे तीन फुटांच्या वर. माझा बडी, म्हणजे जोडीदार जवान, पुढे, मी दोन पायऱ्या खाली. तो कोरेगावकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. वळणावर त्याच्या रायफलची नळी कठड्याच्या खांबाला अडली. ती सोडवायला त्यानं कोपर मागं घेतलं आणि वरून फैर आली. तो माझ्या अंगावरच कोसळला. मला गोळी चालवता येईना, समोर तोच होता. काखेत धरून अंगणात ओढत आणला. मांडीवर पट्टी दाबून धरली होती, ती भिजतच गेली. "दादा, सोडू नको," एवढंच म्हणत होता. मी सोडलं नव्हतं.

रात्री कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात, हत्यारं जमा झाली. त्याचं मॅगझिन मीच रिकामं केलं. वीसच्या वीस राऊंड, एकही गोळी सुटली नव्हती. रजिस्टरात त्याच्या बट नंबरपुढे, म्हणजे रायफलच्या नंबरपुढे, २० जमा अशी नोंद झाली.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, सुट्टीत लायसन काढायचं आणि पिस्तूल घ्यायचं. पुढच्या सुट्टीत अर्ज भरलाही. तेव्हाच्या मला कुणी अडवलं असतं तर मी भांडलो असतो. आजही त्याला पूर्ण खोटं पाडता येत नाही.

पण पुढं काही दिवसांनी शेजारच्या गावात एक माणूस गोळी लागून जखमी झाला आणि बोट आमच्याकडे वळलं. चौकशीत कोतचं रजिस्टर उघडलं. एकेका राऊंडचा हिशेब जुळला, म्हणून आम्ही सुटलो. माझ्या खिशात खाजगी पिस्तूल असतं तर माझा शब्द कुणी धरला असता? शिवाय फौजेत चालतं ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल खाजगी लायसनवर मिळत नाही. मिळणार ते पॉइंट बत्तीस बोअरचं, त्याची गोळी वेगळ्या मापाची. सेक्शनमध्ये, म्हणजे आमच्या तुकडीत, कुणाचीच गोळी त्यात चालायची नाही. संपली की संपली.

म्हणून, स्वतःचं नको. पण झडतीत जो पहिला जिना चढतो, त्याला पलटणीनंच पिस्तूल द्यावं. तेरा राऊंडचं, रजिस्टरात नोंद असलेलं. हे मी नोकरीत असताना वर बोललो नाही, ही माझी चूक. भ्यालो, असंही म्हणा.

तुम्ही लगेच विचारणार, पिस्तुलानं तो वाचला असता का? रायफल गळ्यात सोडायची, हात कमरेला न्यायचा, पिस्तूल काढायचं. त्या वळणावर तेवढा वेळ होता का, हे मी घरच्या जिन्यावर लाकडी फळी घेऊन कितीदा करून पाहिलंय. कधी जमतं, कधी जमत नाही. अर्ज ट्रंकेतच आहे. दिलाही नाही, फाडलाही नाही.