पावती आठवड्यात, घोडी तीन महिन्यांनी

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. पाच लेथ, नऊ माणसं. गेल्या वर्षी घोडे सांभाळणारी एक संस्था मदत मागायला आली. वरातीत नाचवलेला, शर्यतीत पळवलेला घोडा लंगडा झाला की मालक रात्रीच्या अंधारात त्याला कुठंतरी सोडून देतो, हे आपल्या भागात काही नवं नाही. मी लहानपणी टांग्यातून फिरलेला माणूस. हो म्हणून बसलो.

पैसे देणं सोपं निघालं. सीए म्हणाले, "सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा सक्तीचा खर्च, तुमच्यासारख्याला नाही वो, त्याला कंपनी लागतीय, पाच कोटी नफा लागतोय. फक्त रोख देऊ नका." दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची ८०जी कलमाची करसवलत जाते, म्हणून चेक दिला. मी जुन्या करपद्धतीत आहे, त्यामुळे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळाली. नव्या पद्धतीत तीही नाही. पावतीशिवाय १०बीई फॉर्म, म्हणजे संस्थेनं द्यायचा देणगीचा दाखला, मात्र मागून घ्या.

देणगीपाशी थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं घरचे अजून म्हणतात. पण संस्थेत एक तांबडी घोडी बघितली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. येळ्ळूरला आमचं शेत आहे, गोठाही रिकामाच. म्हटलं, घेऊन जातो.

"असं नेता येत नाही," संस्थेच्या बाई म्हणाल्या. आधी रक्त तपासायचं. ग्लँडर्स असेल तर घोड्याला मारावंच लागतं, आणि तो रोग माणसालाही होतो. अहवाल यायला वेळ लागला. तोवर त्या गोठा बघायला आल्या. मी मोठ्या रुबाबात भाताच्या पिंजराची गंजी दाखवली. "हे खाली अंथरायला. खायला काय?" त्या म्हणाल्या. तिथंच माझा रुबाब संपला. कडबा आणि सुकं गवत भरून ठेवलं, तेव्हा कुठं गोठा पास झाला.

करारपत्र दोन पानांचं होतं. विकायची नाही, गाडीला जुंपायची नाही, वरातीला द्यायची नाही, जमलं नाही तर संस्थेलाच परत. मुलगी देताना सोयरे इतक्या अटी घालत नाहीत, असं मनात आलं, पण सही केली.

ती आली त्या दिवशी मी बादलीभर हुलगे शिजवले होते. संस्थेनं सोबत पाठवलेल्या मोतद्दार मामांनी बादलीच उचलून घेतली. "मारताय काय वो? उपाशी जनावराला एकदम चंदी घातली तर पोट फुगतंय. घोड्याला ओकता येत नाही." पहिले काही दिवस गवतच, तेही थोडं थोडं. दाणा नंतर, मूठ-मूठ वाढवत. धनुर्वाताची सुई डॉक्टरांनी आधीच दिली होती. खूर मात्र दर दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात, आणि नालबंद शोधण्यात माझे दोन रविवार गेले. टांगे गेले तसे नालबंदही गेले.

आता ती बांधावर चरते, पाय टेकवते. परवा सीएंना विचारलं, चंदीचं बिल कुठल्या खात्यात टाकू?

"घरच्या," ते म्हणाले. "धंद्यात दाखवू नका."

वही आता बायको लिहिते.