तुम्ही विचारलंत म्हणून: होरू लोक राहतात कुठे?

होरू लोकांच्या गोष्टी लिहायला लागल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे, हे लोक खरे आहेत का, आणि नसतील तर त्यांचे रीतिरिवाज तुम्हाला सुचतात कुठून. एकाने तर जायचा रस्ताच विचारला, शिवाय स्वेटर किती घेऊ. तर एकदाच सांगून टाकते, होरू नावाचे लोक कुठेच नाहीत, मी त्यांना वहीत वसवलंय, एका डोंगराच्या उतारावर, ४२०० मीटरवर. पण सुचतं म्हणाल तर फारसं काही सुचत नाही हो, डोंगर एकदा नीट मांडला की निम्म्या गोष्टी तोच ठरवतो आणि आपल्याला मुकाट्याने ऐकावं लागतं.

हे मला आधी कळलं नव्हतं. पहिल्या गोष्टीत मी मस्त लिहून ठेवलेलं, चुलीत लाकडं धडधडतायत, भांड्यात घेवड्याचे दाणे रटरटतायत आणि आजी गोष्ट सांगतेय. माझी एक मैत्रीण फिजिक्स शिकवते, तिने वाचलं आणि विचारलं, दाणे कधीपासून शिजतायत? म्हटलं तासभर. म्हणाली, उद्या सकाळी बघ शिजले तर. कारण वर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश आधी, म्हणजे माझ्या गावात ८६ अंशांच्या आसपासच खळखळायला लागणार आणि मग कितीही जाळ घाला, त्याच्या वर तापणार नाही. उकळी जोरात, दाणा कच्चा. आणि लाकडं कुठून आणलीस म्हणे, झाडं तर तू चारशे मीटर खालीच संपवलीयस.

झालं, आजीची चूलच मोडली. आठवडाभर मी रुसून बसले आणि मग वाचायला घेतलं. तिबेटात जव आधी भाजतात, मग दळतात, त्या पिठाला त्साम्पा म्हणतात, ते लोणी घातलेल्या चहात कालवून खातात. मला तोपर्यंत वाटायचं ही त्यांची आवड. आवड असेलच, पण कोरडं भाजताना पाण्याच्या त्या ८६ अंशांची अडचण येत नाही, आणि पीठ तयार असलं की रोज तासन्‌तास चूल पेटवावी लागत नाही, हे लक्षात आल्यावर मी उडालेच! होरूंची आजी तेव्हापासून जव भाजते.

आणि लाकूड नाही म्हणजे जळण शेणाचं. इथून मात्र माझं सुरू होतं. जळणच मोलाचं असेल तर पाहुण्याने रिकाम्या हाताने कसं यायचं? म्हणून होरूंकडे पाहुणा येताना एक गोवरी घेऊन येतो. ती उंबऱ्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही. घरची बाई ती उचलते, वजन बघते, बोटाने टकटक करते, वाळलेली असली तर आवाज खणखणीत येतो. ओली निघाली तर ती काहीच बोलत नाही, पाहुण्याच्या देखत नेऊन भिंतीला टेकवून ठेवते वाळायला, आणि ती तिथे दिसत राहते तोवर त्या माणसाने पुन्हा यायचं नसतं. भांडण मिटलं हे सांगायला पण तेच, जाऊन दुसऱ्याच्या चुलीत आपली गोवरी सारायची. माफी हा शब्द मी त्यांच्या भाषेत अजून घातलेला नाही, गरजच पडली नाही.

भाषेचंही थोडं तसंच. नेपाळच्या पूर्व डोंगरांतल्या किरांती भाषांमध्ये नुसतं 'येणं' चालत नाही, चढून येणं, उतरून येणं, आडवं येणं अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत. मी ते उचललं आणि जरा ताणलं, होरूंना डावं-उजवं नाहीच, फक्त डोंगराची वरची बाजू आणि खालची बाजू. त्यामुळे 'माझ्या वरच्या डोळ्यात धूळ गेलीय' म्हणत पोरगं आजीकडे वळलं की तोच डोळा खालचा होतो. हा विनोद मी सहा वेळा वापरलाय आणि लाज वाटत नाही.

बाकी नियम तर सरळ चोरलेत. स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावात १५१७ चा लिखित नियम आहे, हिवाळ्यात जितक्या गायी स्वतः पोसू शकाल तितक्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर पाठवायच्या. इतकी साधी गोष्ट, पण त्यात सगळं बसतं, खाली तुमचं गवत किती हेच वर तुमची पत किती. होरूंच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे आहे. सगळ्या भावांनी मिळून एकच बायको करायची ही पद्धतही घेतली होती, तिबेटात आणि हिमालयात काही भागांत ती खरंच होती, शेताचे तुकडे पडू नयेत हे त्यातलं एक मोठं कारण. त्यावर मला रागाच्या मेल आल्या, काय घाणेरडं सुचतं तुम्हाला. मजा म्हणजे तेवढंच मला सुचलेलं नव्हतं!

पण सगळ्यालाच कारण दिलं की माणसं यंत्रासारखी वाटायला लागतात, हे दहाबारा गोष्टी झाल्यावर कळलं. म्हणून एक रिवाज मी मुद्दाम बिनकारणाचा ठेवलाय. होरूंच्या घराला दगडी पायऱ्या असतात आणि तिसरीवर पाय द्यायचा नसतो. आधी मी लिहिलं होतं की तिथे पूर्वजांची हाडं वगैरे, मग खोडून टाकलं. आता लोक सगळ्यात जास्त तेच विचारतात, तिसरीच का. अहो मला नाही माहीत. आजीलाही नाही माहीत, ती म्हातारी गुडघे धरत ती पायरी ओलांडते, आणि नातवाचा पाय पडला की त्याला पार अंगणात उतरवून पुन्हा चढायला लावते.