तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द ट्रिप’मध्ये आहे तरी काय?

‘द ट्रिप’ बघा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. बघून झाल्यावर बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: दोघं गाडीत बसतात, जेवतात, नकला करतात, पुन्हा गाडीत बसतात. खाण्यावरचा सिनेमा म्हणावा तर खाण्याबद्दल धड बोलतही नाहीत. तुम्हाला यात एवढं काय सापडतं?

बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मायकेल विंटरबॉटम या दिग्दर्शकाचा हा 2010 चा सिनेमा. स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन हे दोन ब्रिटिश विनोदी नट यात स्वतःच्याच नावाने वावरतात, पण माणसं मात्र बरीचशी रचलेली. कूगनला ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रासाठी उत्तर इंग्लंडमधल्या नामांकित रेस्टॉरंटांवर लिहायचं असतं. सोबत मैत्रीण येणार असते, ती अमेरिकेला निघून जाते, म्हणून तो ब्रायडनला विचारतो. तेही, बाकी कुणाला जमलं नाही हे त्याला ऐकवून.

कथा म्हणाल तर एवढीच. संवाद बरेचसे आयत्या वेळी सुचलेले.

आता तो पहिल्या जेवणाचा प्रसंग आठवा. लँकेशरमधलं ‘इन अ‍ॅट व्हाइटवेल’. दोघांत वाद पेटतो तो मायकेल केन या ज्येष्ठ ब्रिटिश नटाच्या आवाजावरून. ब्रायडनचं म्हणणं, तरुणपणी केन नाकातून बोलायचा, पुढे सिगार आणि ब्रँडीने आवाज खाली घशात उतरला. हे तो नुसतं सांगत नाही, एकेक टप्पा करून दाखवतो. कूगनला राहवत नाही. तुला नीट जमत नाही, असं म्हणून तो स्वतःचा केन काढतो आणि भावना दाटून आल्यावर केनचा आवाज कसा फुटतो ते दाखवतो. हसून हसून पुरेवाट होते. पण जरा चेहऱ्यांकडे बघा. ब्रायडन मजेत आहे. कूगनला जिंकायचं आहे. खरं तर कूगन दोघांत जास्त नावाजलेला, तरीही टेबलापलीकडच्या माणसाला एका नकलेत आपल्यापेक्षा जास्त दाद मिळावी, हे त्याला सोसत नाही. वय, काम, न मिळालेल्या भूमिका, दुरावलेली मैत्रीण, यातलं काहीही तो सरळ बोलून दाखवणार नाही. ते सगळं त्या केनमध्ये उतरतं. आवाज फुटतो तो केनचा, पण मला त्यात दर वेळी कूगन ऐकू येतो.

आणि नेमकं तेव्हाच ताट येतं.

माझ्या मते सिनेमाची खरी गंमत इथे आहे. वाढणारा येतो, पदार्थात काय काय आहे ते अदबीने सांगतो, दोघं गप्प बसून ऐकतात, चमचाभर खातात, छान आहे म्हणतात. मधेच स्वयंपाकघर दिसतं: तव्यावर उलटला जाणारा स्कॅलप (एक शिंपला), थाळीच्या कडेला पडलेला थेंब पुसणारा हात. तिथे कुणी कुणाशी स्पर्धा करत नसतं, हातातलं काम चोख करत असतं. कॅमेरा पुन्हा टेबलावर येतो तेव्हा भांडण अर्धवट थांबलेलं असतं आणि आता ते कुठून उचलायचं, हे दोघांनाही कळत नसतं. जेवण सारखं मधे आलं नसतं, तर पहिल्याच दिवशी एकजण उठून गेला असता. त्यामुळे खाण्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. खाणं तिथे आपलं काम करतच असतं.

ती रेस्टॉरंटंही खरी आहेत, सेट नाहीत. कार्टमेल गावातल्या ‘लाँक्लूम’ला तर पुढे 2022 मध्ये तिसरा मिशेलिन तारा, म्हणजे रेस्टॉरंटांसाठीचा सर्वोच्च मान, मिळाला.

वाटेत वर्ड्‌सवर्थ आणि कोलरिज या इंग्रज कवींचा लेक डिस्ट्रिक्ट, तळ्या-डोंगरांचा मुलूख, लागतो. तेही दोन मित्र, एकमेकांच्या सोबतीने लिहिते झालेले आणि पुढे दुरावलेले. सिनेमा हे साम्य ठासून सांगत नाही, हे मला फार आवडतं. ब्रायडन कविता म्हणतो, तीही कुणाच्या तरी आवाजात, आणि कूगन वैतागतो. शेवटी ब्रायडन बायको आणि लहान मुलीकडे परततो, कूगन लंडनच्या रिकाम्या घरात. एकमेकांची आठवण येईल, असं कुणी म्हणत नाही. ती दोघंही मित्र नाहीतच, असं मला काहींनी सांगितलं आहे. मला ते मान्य नाही. समोरच्याचा केन कुठे चुकतो हे ज्याला इतकं बारकाईने माहीत आहे, त्याने वर्षानुवर्षं कान देऊन ऐकलेलं असतं.

एक सुचवतो. तुम्ही बघितला तो सिनेमा म्हणजे बीबीसीच्या सहा भागांच्या मालिकेतून कापून केलेली आवृत्ती. वेळ असेल तर मालिकाच बघा. सिनेमात नकला एकामागोमाग येतात म्हणून अंगावर आल्यासारख्या वाटतात. मालिकेत त्यांच्या मधली शांतता शाबूत आहे, नुसता रस्ता आणि डोंगर दिसत राहतात. मग याच जोडीचा पुढचा भाग, 2014 चा इटलीचा प्रवास घ्या. स्पेन (2017) आणि ग्रीस (2020) त्यानंतर, आणि याच क्रमाने, कारण दोघं खरोखर म्हातारे होत जाताना दिसतात.