५२ दिवस आणि तीन फोन

माझी गाडी ५२ दिवस बॉडी शॉपमध्ये होती आणि तेवढ्या काळात तेथून मला आपणहून तीनच फोन आले. तिन्ही वेळा त्यांना माझी संमती हवी होती. कॅलिफोर्नियाच्या १९७१ च्या कायद्यानुसार गॅरेजने आधी लेखी एस्टिमेट द्यावे लागते, आणि ग्राहकाने मान्य केलेल्या रकमेच्या वर एक डॉलरही त्याच्या होकाराशिवाय लावता येत नाही. बॉडीचे काम असेल तर प्रत्येक भाग नवा आहे की वापरलेला, हेही वेगवेगळे लिहावे लागते. एस्टिमेटचा तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी भारावून गेले आणि त्याचा फोटो काढून बाबांना कोल्हापूरला पाठवला. उद्यमनगरात आमच्या मारुती ८०० चे एस्टिमेट मिस्त्री बोनेटवरच्या धुळीत बोटाने लिहीत असे.

अपघात माझ्याच हातून झाला होता, हे आधी सांगून टाकते. फ्रीमॉन्टच्या एका भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना उजवीकडचा कोपरा खांबावर आदळला. खांब जागचा हलला नव्हता, हे मान्य. पण तो बुटका होता आणि रिव्हर्स कॅमेऱ्याच्या कडेला असल्यामुळे दिसत नव्हता, हेही तितकेच खरे आहे. पुढचे सहा आठवडे मी इतक्या नम्रपणे का थांबले याचे मूळ त्या खांबात आहे. समोरच्याने गाडी ठोकली असती तर मी दुसऱ्याच आठवड्यात आवाज चढवला असता. स्वतः केलेल्या नुकसानाची भरपाई विमा कंपनीकडून घेताना आवाज चढत नाही.

३ मार्च २०२५ रोजी गाडी दिली तेव्हा ‘दहा दिवस’ सांगितले होते आणि एस्टिमेट २,१४० डॉलरचे होते. बंपर काढल्यावर आतला लोखंडी बार वाकलेला निघाला. मग सप्लिमेंट, म्हणजे वाढीव खर्चाचे दुसरे एस्टिमेट, तयार झाले, ते विमा कंपनीच्या ॲडजस्टरकडे, म्हणजे नुकसान तपासून खर्च मंजूर करणाऱ्या माणसाकडे, गेले आणि माझ्या होकारासाठी पहिला फोन आला. आपल्याकडे बंपर गरम करून, ठोकून, लांबी (पुट्टी) भरून पुन्हा बसवला असता, असे मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हटले. परंतु माझ्या गाडीत मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांआड शेजारच्या लेनमधली गाडी ओळखणारे रडार असते. त्याच्यासमोर लांबीचा किंवा रंगाचा जाड थर आला तर ते चुकू शकते, म्हणून त्या जागी दुरुस्ती न करता बंपर नवाच घालायचा आणि नंतर रडारचे कॅलिब्रेशन करायचे, म्हणजे ते पुन्हा अचूक जुळवून घ्यायचे, अशी पद्धत आहे. कॅलिब्रेशनसाठी गाडी दुसऱ्याच दुकानात पाठवतात. रंगाचेही तसेच, शेजारच्या दारावर तोच रंग थोडा पसरवून घेतल्याशिवाय नवा-जुना फरक लपत नाही. कामाला वेळ लागण्याची कारणे खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गप्प राहण्याबद्दल. दर चार दिवसांनी मी फोन करायची आणि पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात सांगायची की पार्ट बॅकऑर्डरवर आहे, म्हणजे मागवला आहे पण अजून उपलब्ध नाही, काही कळले की आम्हीच फोन करू. तारीख विचारली की तीच दोन वाक्ये उलट्या क्रमाने ऐकू येत. उद्यमनगरातला मिस्त्री बाबांशी सर्रास खोटे बोलत असे, यात शंका नाही. पण त्याच्या खोट्यातूनही गाडीची बातमी कळत असे. ‘उद्या देतो की ओ साहेब’ म्हणजे चार दिवस, ‘पेंटर गावाला गेलाय’ म्हणजे आठवडा, आणि ‘तुमचंच काम चालू आहे’ म्हणजे अजून हातही लावलेला नाही, हा हिशेब बाबांना तोंडपाठ होता. शिवाय तिथे जाऊन स्टुलावर बसता येत असे, चहा येत असे आणि आपली गाडी डोळ्यांसमोर असे. या गोड आवाजातून मात्र मला काहीच काढता येईना. इथली माणसे तारीख देत नाहीत, कारण दिलेली तारीख हे वचन होते, असे माझा नवरा म्हणतो. तसे असेलही. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि ‘दोन आठवडे’ हे उत्तर कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण निदान मी काहीतरी सांगते.

३० मार्चला गुढीपाडवा झाला. लोक पाडव्याला नवी गाडी घरी आणतात. माझी जुनीच दाराशी नव्हती. पॉलिसीत भाड्याच्या गाडीसाठी दिवसाला ४० डॉलर मिळत होते, तेही फक्त ३० दिवस, ते १ एप्रिलला संपले. त्यानंतर फ्रीमॉन्टहून बार्ट रेल्वेने मिलपिटास आणि तिथून व्हीटीए या लोकल रेल्वेची ऑरेंज लाइन, अशी मी ऑफिसला जाऊ लागले. प्रवास बरा होता, हे मी त्या वेळी घरात कोणालाही सांगितले नाही.

एका शनिवारी राहवेना म्हणून मी त्या शॉपपाशी गेले. फाटक बंद होते. जाळीतून गाडी दिसली: मागचा बंपर नाही, दिव्याच्या भोकावर चिकटपट्टीने लावलेले प्लास्टिक, काचेवर धूळ आणि डॅशबोर्डवर आईने दिलेला गणपती. घरी येऊन मी भाड्याच्या गाडीची मुदत वाढवून मागण्यासाठी विमा कंपनीला फोन लावला. तेव्हा तिथल्या माणसाने सहज सांगितले की दुसरे सप्लिमेंट त्यांनी २६ मार्चलाच मंजूर केले आहे. बॉडी शॉप तर मला दोन दिवसांपूर्वीच सांगत होते की आम्ही विमा कंपनीच्या मंजुरीसाठी थांबलो आहोत. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मी मध्ये नम्रपणे उभी होते.

त्या रात्री मी ईमेल लिहिला. आवाज चढवलेला नव्हता. फक्त तारखा होत्या, एकाखाली एक, आणि शेवटी राज्याच्या ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार कशी करतात ते मला ठाऊक असल्याचे एक वाक्य होते. हे धमकावणे झाले, असे नवऱ्याचे मत आहे. ती माहिती होती, असे माझे आहे. सोमवारी सकाळी साडेआठला मॅनेजरचे उत्तर आले: माझी फाइल पाहणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि ती कोणाकडेच दिली गेली नव्हती. त्याने क्षमा मागितली, मनापासून मागितली असे वाटले, आणि मला लगेच त्याची कीवही आली, याचा मला अजून राग आहे.

२४ एप्रिलला संध्याकाळी साडेपाच वाजता गाडी मिळाली. अंतिम बिल ५,२७५ डॉलर झाले, त्यातले माझ्या वाट्याचे ५०० मी काउंटरवर भरले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते आणि ते फिरायला निघाले होते. मी अभिमानाने गाडीभोवती फोन फिरवला. काम खरोखर सुबक झाले होते. दार आणि मागचा भाग यांच्यातली फट कंपनीतून आल्यासारखी सरळ होती.

“अगं, सावलीत काय दाखवतेस? उन्हात घे,” बाबा म्हणाले.

मी गाडी इमारतीच्या सावलीतून बाहेर काढली. कललेल्या उन्हात मागच्या दाराचा रंग पुढच्या दारापेक्षा किंचित फिका वाटला, मग वाटले नाही, मग पुन्हा वाटला.

“पैसे दिलेस?” बाबांनी विचारले.

“दिले.”

“बरं,” ते म्हणाले आणि चपला घालू लागले.