घर्षणाचा आकडा

हिवाळी महामार्ग देखभालीत रस्त्याचे घर्षण कसे मोजतात, हे आज प्रत्यक्ष गाडीत बसून पाहिले. गाडीला एक जादा चाक जोडलेले असते. ते किंचित तिरके ठेवून रस्त्यावर फिरवतात आणि त्यावर येणाऱ्या आडव्या बलावरून घर्षणगुणांक (टायरला रस्त्यावर किती पकड मिळते हे सांगणारा आकडा) सतत नोंदला जातो. कोरड्या डांबरावर ०.७ ते ०.८ च्या आसपास असणारा हा आकडा दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो, आणि ब्रेक लावल्यानंतरचे अंतर घर्षणाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे त्याच वेगातील वाहनाला थांबण्यासाठी साधारण तिप्पट रस्ता लागतो. कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा शून्य अंशाजवळचा, पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ अधिक निसरडा असतो, याचे मला विशेष नवल वाटले. (डोळ्यांना तो नुसता ओला रस्ता वाटतो!) बर्फ वितळवण्यासाठी केवळ तापमान पाहून रस्त्यावर सरसकट मीठ टाकण्यात अर्थ नाही, कारण उणे १० अंशांखाली साधे मीठ फारसे काम करत नाही आणि जास्तीचे मीठ माती, पाणी व पुलांचे लोखंड खराब करते. कंत्राटदाराचे काम तपासतानाही, किती मीठ पसरले यापेक्षा घर्षण किती वाढले हा निकष मला अधिक प्रामाणिक वाटतो.